गरज सरल्यानंतर

रुग्णालयाच्या वॉर्डात एका रात्रीत किती वस्तू एकदाच वापरून टाकल्या जातात, हा विचार मनात शिरल्यापासून ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण माझा पिच्छा सोडीत नाही. कृतघ्नतेच्या निषेधार्थ ती योजिली जाते, हे खरे. परंतु ज्वर उतरला म्हणून पुढे कधी ज्वर येणारच नाही, असे थोडेच आहे? म्हणजे वैद्याची गरज सरलेली नसते, ती फक्त दृष्टिआड झालेली असते. आणि हे न उमजणाऱ्या माणसाचा दोष कृतघ्नतेपेक्षा अदूरदृष्टीचा अधिक म्हणावा लागेल. सिरिंज, सलाइनची नळी, हातमोजे यांच्या बाबतीत तर म्हण निम्मीच लागू पडते. तेथे गरज खरोखरच सरते, पण वस्तू मात्र सरत नाही.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी या न सरणाऱ्या वस्तूंचा तपशीलवार बंदोबस्त केला आहे. रक्ताने भिजलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पिवळ्यातले बहुतांशी भट्टीत जाते, लाल पिशवीतले निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा कारखान्याकडे. पण ही सारी तजवीज वापरानंतरची. मोजा चढविण्यापूर्वी त्याची गरज होती का, हा प्रश्न लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील परिचारिकांनी २०१८ साली विचारला. तोंडाने औषध पाजताना किंवा खाट सरकविताना मोजे कशाला, हात नीट धुतले म्हणजे पुरे, एवढ्याच विवेकाने वर्षभरात सुमारे २१ टन प्लॅस्टिक वाचले.

मात्र मोज्याचा जन्म आठवला की हा हिशेब इतका सरळ राहत नाही. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या पारदयुक्त द्रावणाने त्वचारोग जडला, आणि शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये, हा हेतू मागाहून आला. प्रथम होती ती एका राबणाऱ्या हाताची काळजी. ज्या वस्तूच्या ढिगाने आज मन अस्वस्थ होते, तिच्या मुळाशी इतकी कोमल भावना असावी, या गोष्टीपाशी मी वारंवार थबकतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त सिस्टर राहतात. त्यांच्या उमेदीच्या काळी मोजे टाकीत नसत. ते धुवायचे, पाणी भरून भोक आहे का ते पाहायचे, दोरीवर वाळवायचे, आतबाहेर पावडर लावायची, मग जोड्या जुळवून, कापडात गुंडाळून ड्रममध्ये भरायच्या आणि ड्रम ऑटोक्लेव्हला धाडायचा. त्या काटकसरीची थोरवी त्यांच्या तोंडून ऐकावी, या अपेक्षेने मी विषय काढला होता. त्यांनी मला बोटांची पेरे दाखविली. “सारखे हात पाण्यात, भेगा पडायच्या. आणि एखादं बारीक भोक नजरेतून सुटलं असेल का, याचा घोर रात्री घरी आल्यावरही जायचा नाही.” १९८६ साली मद्रासेत एच.आय.व्ही.ची पहिली नोंद झाल्यानंतरच्या वर्षांत तो घोर किती वाढला असेल, याची कल्पना मला करवत नाही.

पृथ्वीचे ऋण आणि परिचारिकेच्या हातांचे ऋण यांत थोरले कोणते, असे विचारणेच कदाचित चुकीचे असेल. लंडनच्या उदाहरणात दोन्ही एकदमच फिटल्यासारखी दिसतात. परंतु मोजा हवा की नको, हे प्रत्येक खाटेपाशी ठरवायला क्षणभराची निवांत बुद्धी लागते, आणि रात्रपाळीला सबंध वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरजवळ तो क्षण कोठून यायचा? आधी माणसे वाढवा, मग कचरा आपोआप घटेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण माणसे वाढली की हातही वाढतील, आणि तितके मोजेही. ज्या आजाऱ्याच्या उशाशी बसून हा हिशेब मांडावा, त्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईने एक मोजा वाचवावा, अशी इच्छा धरण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे आरंभी मला जितके स्पष्ट वाटत होते, तितके आता वाटत नाही.