लाल डबा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्याला गुरुवारी सुट्टी. भंगारवाला त्याच दिवशी येतो, तेव्हा मी एकटाच असतो. अशाच एका गुरुवारी चिपची ट्रॉली उपसताना त्याने तळातून एकेक करत 17 बुश काढले आणि माझ्यापुढे मांडले. "शेठ, हे तर कोरे दिसतायत."

कोरेच होते. बोअर 25 मिलिमीटरचा, वर सूट फक्त 21 मायक्रॉनची. बोअर लहान राहिला तर पुन्हा टूल फिरवता येतं, मोठा झाला की भंगार. हे सगळे मोठे.

कुणी लपवले, हे मी आठवडाभर नऊ जणांना विचारत फिरलो. शेवटी आमचे सर्वांत जुने ऑपरेटर बोलले. त्यांना सगळे मामा म्हणतात. "शेठ, दाखवला की पगारातून कटतो. मग दाखवायचा कशाला?"

नियम माझाच होता. कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय नुकसानीचे पैसे कापता येत नाहीत, असं 1936 च्या वेतन कायद्यातच होतं. मला ते फार उशिरा कळलं. आणि कापून वाचवलं तरी काय? पहिला बिघडलेला नग कुणी दाखवत नव्हतं, म्हणून ऑफसेट चुकलाय हे कळेपर्यंत पुढचे सोळा निघून जायचे.

कपात बंद केली. लाल डबा माझ्या टेबलाशेजारी आणला. बिघडलेला नग त्यात टाकायचा, खडूने वेळ लिहायची, बस्स. पंधरा दिवस डबा रिकामा. एवढे चांगले कारागीर आमच्याकडे नाहीत, हे मलाही ठाऊक होतं.

मग माझीच चूक झाली. जुनं ड्रॉइंग मशीनवर दिलं, 40 नग वाया. त्यातला एक मी सगळ्यांसमोर डब्यात टाकला आणि त्यावर वेळेसोबत माझं नाव लिहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सर्वांत लहान पोरगा बुश घेऊन आला, हात लांब करून, जणू मी चावेन. ओरडणं ओठांवर आलं होतं. "इन्सर्ट कधी बदलली होतीस?" एवढंच विचारलं. मशीन थांबवून ऑफसेट पाहिला. वाया गेला तो एकच नग.

अजूनही ओरडतो मी अधूनमधून. तेव्हा मामा काही न बोलता पायाने डबा माझ्याकडे सरकवतात.

गेल्या महिन्यात पगार दहा तारखेला झाला. सातच्या आत व्हायला हवा. गिऱ्हाइकाने 45 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, आमचं मोठं गिऱ्हाईक 90 लावतं, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"बरोबर आहे शेठ. पण हे तीन दिवस कुठल्या डब्यात टाकायचे?"