गाऱ्हाण्याची प्रार्थना

नरखेड तालुक्यातील आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या ख्रिस्ती घरांतून रविवारी, किंवा आठवड्याच्या एखाद्या संध्याकाळी, जी प्रार्थना होते तिचा क्रम गेली कित्येक वर्षे ठरून गेलेला आहे: आधी स्तुती, मग आभार, मग आजारी माणसांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची आणि प्रवासाला निघालेल्या मंडळींची नावे, आणि अखेरीस येशूच्या नावाने आमेन. या क्रमात गैर असे काहीच नाही. त्याच्याच आधाराने आमच्या आईबापांनी आयुष्ये काढली आणि त्यातूनच आम्हाला श्रद्धेची पहिली अक्षरे मिळाली. परंतु पवित्र शास्त्र उघडून त्यातील प्रार्थना एकामागून एक वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते की, त्यांचा एक फार मोठा हिस्सा आपण आपल्या दप्तरातून खारीज करून टाकला आहे, आणि तो हिस्सा म्हणजे देवाच्या तोंडावर केलेले गाऱ्हाणे.

स्तोत्रसंहितेत एकंदर 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, तू आणखी किती काळ मला विसरणार, असा रोखठोक सवाल तेराव्या स्तोत्राच्या आरंभीच येतो. चव्वेचाळिसाव्यात सबंध राष्ट्र उठून म्हणते की आम्ही तुझा करार मोडलेला नसताना तू निजलास कसा. एकोणसत्तराव्यात गळ्यापर्यंत पाणी चढलेल्या माणसाचा घसा हाका मारून मारून कोरडा पडतो. बहुतेक विलाप शेवटी आशेच्या काठाला लागतात हे खरे, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तसे लागत नाही. रात्रंदिवस आरोळी मारणारा तो मनुष्य शेवटच्या ओळीतही अंधारातच उभा असतो, आणि ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी त्याच्या पुढे समाधानाचा एक शब्दही जोडला नाही. ते स्तोत्र गाळावे असे त्या संग्राहकांना वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उपासनेत आज ते कितीदा वाचले जाते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

काही वर्षांमागे आमच्या भागात आंबिया बहाराच्या संत्र्यांची फळगळ फार झाली. ज्यांनी बागा पाहिल्या नाहीत त्यांना सांगितले पाहिजे की, हिवाळ्यात झाडे ताणावर सोडून, मग पाणी देऊन, जानेवारी-फेब्रुवारीत आणलेला हा बहार माणूस आठ-नऊ महिने लेकराप्रमाणे सांभाळतो. आणि व्यापाऱ्याने सौदा करून इसार दिल्यानंतर, श्रावण-भाद्रपदाच्या ओलीत, तीच फळे हिरवीच्या हिरवी देठातून सुटून पडू लागली म्हणजे त्याला हात लावता येत नाही की डोळे मिटून बसता येत नाही. अशाच एका संध्याकाळच्या प्रार्थनेत एक वृद्ध बाई, जिच्या तोंडून एरवी आभारापलीकडे शब्द निघत नसे, पदर सावरून उठली आणि म्हणाली, “बापा, तुले दिसत नाई का रे? पाहटे पाह्यलं तं झाडाखाली फळायचा सडा. तूनंच देल्ली होती न ही फळं? मंग हातात काऊन नाई येऊ देल्ली?” एवढे बोलून ती थांबली. आमेनही म्हणाली नाही. क्षणभर सारे स्तब्ध होते. मग एका सज्जन गृहस्थाने, अगदी निर्मळ हेतूने, तिला सांगितले की मावशी, प्रभूपुढे कुरकूर करू नये, आणि लगेच हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला: अंजिराला कळी न येवो, द्राक्षवेल फळ न देवो, शेतात अन्न न पिको, तरी मी परमेश्वराठायी हर्ष करीन, अशा अर्थाचा तो प्रसिद्ध भाग. बाई खाली बसली आणि पुन्हा त्या संध्याकाळी बोलली नाही.

वाचलेला भाग खरा होता. परंतु हबक्कूकाचे पुस्तक तीन अध्यायांचे आहे, आणि त्या संध्याकाळी पहिल्या दोन अध्यायांना रजा दिली गेली. पहिल्या अध्यायात हाच संदेष्टा देवाला जाब विचारतो की मी जुलूम झाला म्हणून ओरडत असता तू ऐकत का नाहीस, आणि उत्तर मिळाल्यावर त्या उत्तरावरही हरकत घेतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो बुरुजावर जाऊन उभा राहतो, कारण आपल्या फिर्यादीचा निकाल ऐकल्याशिवाय त्याला तेथून हलायचे नाही. तिसऱ्या अध्यायातील तो हर्ष या दोन अध्यायांची कमाई आहे. ती मावशी त्या वेळी पहिल्या अध्यायात होती, आणि तिला तेथे राहू देणे हेच त्या सभेचे कर्तव्य होते असे माझे स्पष्ट मत आहे.

हन्नेच्या बाबतीतही असेच घडले होते. शिलोच्या मंदिरात ती निपुत्रिक स्त्री मनातल्या मनात बोलत होती, ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. आणि दाराशी बसलेल्या एली याजकाला, ज्याचे सारे आयुष्य प्रार्थना ऐकण्यात गेले होते, ती प्याली आहे असे वाटले. तिने मात्र माघार घेतली नाही; मी दुःखी आहे आणि माझे मन परमेश्वरापुढे ओतीत आहे, असे तिने आदराने पण ठामपणे सांगितले, आणि एलीने तिला शांतीचा आशीर्वाद देऊन वाटेला लावले. यापुढचा तपशील मला सर्वांत सुंदर वाटतो: ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. तिचा पुत्र शमुवेल अजून पोटातही नव्हता. मागणे पुरे होण्याच्या फार आधी, केवळ ते पुरतेपणी सांगून झाल्याने, तिच्या घशाखाली घास उतरला.

पिकाची नासाडी झाल्यावर तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहून थकलेला आमच्याकडचा शेतकरी जेव्हा तहसील कचेरीत जातो, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा, अर्जाचा मायना, तिकीट, सही, अंगठा, यांपैकी काही कमी पडले तर अर्ज परत येईल या धास्तीत तो उभा असतो. आणि आपणही नकळत तीच धास्ती घेऊन देवापुढे जातो, जणू मायना चुकला तर तेथेही अर्ज नामंजूर व्हावयाचा आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने काय केले ते पाहावे. अश्शूरचा सन्हेरीब इसवी सनपूर्व 701 मध्ये यरुशलेमवर चालून आला, तेव्हा त्याच्या दूतांनी आणलेले धमकीचे पत्र हिज्कीयाने वाचले आणि मंदिरात जाऊन ते परमेश्वरापुढे पसरून ठेवले. आपले म्हणणे त्याने नंतर मांडले. आधी शत्रूचाच कागद, त्यातील उर्मट मजकुरासह, देवाच्या नजरेखाली घातला. कर्जाची नोटीस, दवाखान्याचा अहवाल, मुलगा घर सोडून गेल्याचे पत्र, असे जे कागद आपण प्रार्थनेला बसताना उशीखाली सारतो, ते तेथे नेण्याचीच शिकवण या प्रसंगात आहे.

दिनांक 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीचा पूर आमच्या तालुक्यातील मोवाडमध्ये शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. गाव पुढे नव्याने वसवावे लागले. ज्या घरांतील माणसे त्या पाण्यात गेली त्या घरांपुढे उभे राहून देवाची योजना समजावून सांगण्याचे धाडस ज्याला होईल त्याने ईयोबाच्या मित्रांची कथा पुन्हा वाचावी. ते तिघे आले, सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, आणि तेथपर्यंत त्यांचे वर्तन आदर्श होते. बोलू लागले ते देवाची बाजू मांडण्यासाठी, आणि त्यांचा एकेक युक्तिवाद धर्मशास्त्राला धरून होता. ईयोब मात्र जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात ओढू पाहतो, पत्कर घेणारा कोणी आहे का म्हणून विचारतो. आणि शेवटी परमेश्वर जो निवाडा देतो तो असा की, माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, हे तिघे नव्हेत. त्यांच्यासाठी आता ईयोबानेच प्रार्थना करावी. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने दोषी ठरवले आणि त्याच्याशी भांडणाऱ्याला त्यांचा मध्यस्थ केले, ही घटना प्रार्थनेविषयीच्या आपल्या साऱ्या सभ्य कल्पना मुळापासून हलवून टाकणारी आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. विठ्ठलाशी भांडणारा, त्याला बोल लावणारा, त्याच्या दारात धरणे धरून बसणारा तुकोबा आपल्या भाषेच्या हाडामांसात आहे. जनाबाई तर देवाला सरळ शिव्या घालते. नागपुरात काही काळ राहिलेल्या नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये, राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत, एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असेच ते सांगत आले. त्यांच्या पद्यांतील ख्रिस्ताशी असलेली सलगी त्या पुलावरूनच आली. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास जो ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. दरबार म्हटला की तेथे मुजऱ्याबरोबर फिर्यादही आली. टिळकांची पदे आम्ही हौसेने गातो; त्यांनी ओलांडलेल्या पुलावर मात्र पाऊल ठेवण्यास आम्ही का कचरतो, हे मला उमगत नाही.

कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे डावलण्यासारखे नाही, की स्वतः प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर गाऱ्हाण्याचा शब्द नाही. तेथे पित्याचे नाव, राज्य, इच्छा, रोजची भाकर, क्षमा आणि सोडवणूक एवढेच आहे. पण ही प्रार्थना शिकवणाऱ्यानेच मध्यरात्री तीन भाकरींसाठी मित्राचे दार ठोठावणाऱ्याची आणि अन्यायी न्यायाधीशाकडे दाद मागत राहणाऱ्या विधवेची गोष्ट सांगितली. गेथशेमानेच्या बागेत प्याला टळावा म्हणून त्याने केलेली विनवणी एकदाच झाली नाही, तीनदा झाली. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्याचे वाक्य त्या विनवणीला लागून आले. आपण पुष्कळदा तेच वाक्य आरंभी घालून मोकळे होतो, म्हणजे मग मागण्याचे दुःखही नको आणि नकाराचेही नको. नकार तर त्यालाही मिळाला, आणि शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती करणाऱ्या पौलालाही मिळाला. वधस्तंभावर प्रभूच्या मुखी जो आक्रोश आला तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आहे. पुत्रालाही त्या घडीला त्या जुन्या विलापाचेच शब्द पुरे पडले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर निःसंकोचपणे सांगतो की, देहात असताना त्याने मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, घरच्या उपासनेत स्तोत्रसंहिता पहिल्यापासून क्रमाने वाचावी आणि नको वाटणारे एकही स्तोत्र गाळू नये. सभेत कोणी रडून बोलू लागला तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे, आणि त्याच्या वाक्याला आपल्या आभारप्रदर्शनाची पुरवणी जोडू नये. येत्या 30 जुलैला आमच्या तालुक्यातील जी मंडळी कोठे दोघे-तिघे जमतील, त्यांनी मोवाडच्या मृतांची आठवण करून अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचावे, आणि त्यानंतर दुसरा उतारा काढू नये.