पास झालेले नाना आणि भेंडी झालेली कपाशी



तीन दिवसांपासून झड लागलीय. कपाशी पाते-फुलांवर आहे, पण वावरात पाय ठेवता येत नाही. काळ्या जमिनीत चप्पल खाली राहते आणि पाय एकटाच वर येतो. फवारणी बंद, निंदणी बंद. म्हणून आज पिकाचे फोटो नाहीत. आज एका सिनेमाबद्दल लिहितो. शेवटी शेतीवरच येणार आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

काल पोराने घरात 'निशाणी डावा अंगठा' लावला. २००९ चा सिनेमा, पुरुषोत्तम बेर्डे यांनी केलेला. अशोक सराफ, मकरंद अनासपुरे, निर्मिती सावंत ही मंडळी त्यात आहेत. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आहे. विषय साक्षरता अभियानाचा. गावातल्या शाळेच्या मास्तरांवर प्रौढांना शिकवायचं काम येतं. मग वर्ग कागदावर भरतात, हजेरी कागदावर लागते, आणि वरून तपासणी येणार म्हटलं की सगळ्यांची पळापळ होते.

घरातले सगळे पोट धरून हसले. मी पण हसलो. पोरगा म्हणाला, "काय मास्तर होते पप्पा त्या काळात! फुकटचा पगार."

तिथे माझं हसू थांबलं. कारण त्या काळात आमच्या गावात असा एक मास्तर मी स्वतः होतो. पगार मात्र नव्हता.

नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९८८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू केलं. १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाला आणि मग देशभर जिल्ह्याजिल्ह्यात मोहीम निघाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही आली. तेव्हा नंदुरबार वेगळा झालेला नव्हता, धुळे जिल्हा एकच होता. शिकवायला शाळेचे गुरुजी पुरणार नाहीत म्हणून गावातली शिकलेली पोरं स्वयंसेवक म्हणून घेतली. मी दहावी पास, म्हणजे गावाच्या हिशोबाने विद्वान. मला दहा माणसं दिली, एक हजेरीपट, पाट्या, आणि वाचनाची पुस्तकं. पुस्तकाचे भाग तीन.

पहिले पंधरा दिवस मी खरंच शिकवलं, हे सांगतो. मारुतीच्या पारावर रात्री आठला बसायचो. पण दिवसभर कापूस वेचलेला माणूस रात्री पाटीवर काय गिरवणार? बाया भाकरी करून, पोरं निजवून यायच्या, आणि लाईट गेली की उठून जायच्या. मलाही सकाळी पाण्याची बारी असायची. दहाचे सहा झाले, सहाचे तीन झाले. महिन्याभरात पारावर मी आणि कुत्री उरलो.

हजेरीपट मात्र भरत राहिला. तो मी घरी बसून भरायचो, वेगवेगळ्या पेनाने, म्हणजे खरा वाटावा.

मग परीक्षा आली. नियम काय होता ते ऐका. माणसाने मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचावेत, पाहून सात शब्द लिहावेत, शंभरपर्यंत आकडे यावेत, तेव्हा तो साक्षर. माझ्या दहापैकी तिघांना आपलं नाव लिहिता येत होतं. उरलेल्या सातांचे पेपर मी लिहिले. अक्षर सारखं दिसू नये म्हणून दोन पेपर डाव्या हाताने लिहिले. वरच्या साहेबाने मोजले, दहा म्हणजे दहा. त्यांनाही वर आकडा द्यायचा होता. कोणी कोणाला काही विचारलं नाही. सगळ्यांचं काम झालं.

त्या सातांत भाऊबंदकीतले एक नाना होते. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षं मोठे. माणूस हिशोबात इतका पक्का की काट्यावर कापूस मोजताना व्यापाऱ्याच्या आधी रक्कम सांगायचे. अक्षर मात्र ओळखत नव्हते. "तुम्ही पास झाले नाना," असं सांगितल्यावर त्यांनी मला चहा पाजला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. नानांनी मक्यातल्या रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी आणलं होतं. अर्धा डबा उरला, तो झोपडीत फळीवर ठेवला. शेजारी कपाशीच्या मावा-तुडतुड्याच्या औषधाचा डबा. दोन्ही पांढरे, दोन्ही चिखलाने माखलेले. घरी कोणी वाचणारं नव्हतं. नानांनी डबा घेतला, पंपात माप टाकलं आणि दोन एकर कपाशी फवारली.

ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आठ दिवसांत शेंडे वाकडे झाले, पानं चिरून लांबट झाली, जशी भेंडीची असतात. कपाशी टू-फोर-डीला फार नाजूक. वाऱ्याने शेजारच्या वावरातून उडून आलं तरी दाखवते, इथे तर सरळ अंगावरच पडलं. यावर उतारा नाही. थोडं लागलं असतं तर झाड हळूहळू सावरतं, एवढं लागल्यावर पाते-बोंडांची आशा सोडायची.

मी बघायला गेलो. डबा हातात घेऊन नाव वाचलं आणि सांगितलं, "नाना, हे मक्याचं होतं." नाना बांधावर बसले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "माले कुठे वाचता येस रे भाऊ? तू तं माले पास करं व्हतं ना!"

रागाने नाही म्हणाले. जरा हसलेच. त्या हसण्याने मला जास्त लागलं. नाना आता नाहीत. मी त्यांच्यापाशी चूक कबूल केली नाही, म्हणून आज इथे करतो.

म्हणून काल सिनेमा बघताना वाटलं, कामचुकार मास्तरावर हसणं सोपं आहे. तो पडद्यावर असतो. पण खोटी हजेरी एकट्या मास्तराची नसते. खाली माणूस थकलेला, मधे माझ्यासारखा कंटाळलेला, वर आकडा मागणारा. आणि गुरुजींचंही खरं सांगायचं तर शिकवण्याशिवाय निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण हे सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. ते सगळं मान्य. तरी रजिस्टरवर खोटी खूण केली की ती कुठेतरी जाऊन उगवते. आमच्याकडे दोन एकरात उगवली.

आणि अडाणी म्हणजे अक्कल नाही, असंही कोणी समजू नये. आपल्या खान्देशच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि महाराष्ट्र आजही त्यांच्या कविता वाचतो. नानांची अक्कल माझ्यापेक्षा जास्तच होती. पण औषधाच्या डब्यावर अक्कल चालत नाही, तिथे अक्षरच लागतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, पण डब्यात काय आहे आणि ते किती जहाल आहे हे फवारणाऱ्याला माहीत असणं ही पहिली गोष्ट.

आता २०२२ पासून 'उल्लास' नावाने नवीन साक्षरता कार्यक्रम चालू आहे, १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. गुरुजी नावं लिहायला आले तर खरी नावं द्या. आणि शिकवणाऱ्या पोरांना सांगा, सुरुवात कमळ-बदकापासून करू नका. औषधाचा डबा, काट्याची पावती, सातबारा, एसटीची पाटी यापासून करा. ज्याची गरज आहे ते माणूस थकला तरी शिकतो.

मी गेल्या दोन हंगामांपासून एवढं करतो. माझ्याकडे सातपुड्यातून पावरा भाऊ येतात कामाला. पंप भरण्याआधी दहा मिनिटं डबा मधे ठेवून बसतो.

१) डब्यावरचा त्रिकोण बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्यासारखा नव्हे!
२) औषधाचं नाव एक-एक अक्षर बोट ठेवून वाचायचं.
३) तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगाचा पट्टा. तणनाशकाचा डबा वेगळ्या पेटीत, कुलूप लावून.
४) उरलेलं औषध दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही.

त्यातला एक जण परवा डबा उचलून स्वतः म्हणाला, "हे कपाशीचं नाही, मक्याचं आहे." बरोबर होता. त्याला कुठलं सर्टिफिकेट नाही, कुठल्या रजिस्टरमध्ये नाव नाही. पण माझ्या हिशोबाने तो पास.

उद्या उघाड पडली तर तुडतुडे मोजून सांगतो. तोवर तुमच्या झोपडीतली फळी एकदा बघून घ्या, कुठला डबा कुठल्या डब्याला लागून आहे ते.