घसारा आणि माया

वाणिज्य शाखेच्या पदवीनं मला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या: बँकेतली नोकरी आणि 'घसारा' हा शब्द. पहिलीवर माझं पोट चालतं, दुसरीवर चिंतन. यंत्र असो, इमारत असो की खुर्ची असो, वापरानं वस्तूची किंमत घटते आणि ती घट दरसाल वहीत मांडायची असते. परीक्षेत घसारा मी दोन्ही पद्धतींनी बिनचूक काढला होता. पण घसारा आणि घासणे यांचं भाऊबंदकीचं नातं खरं उमगतं ते रोज सायकलीनं कामावर जाणाऱ्याला, आणि तेही विजार उलटी करून पाहिल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, विजार हा काय चिंतनाचा विषय झाला? मग हिशेबच घ्या. घरापासून बँक पंचवीस मिनिटांवर. मिनिटाला सत्तर वेळा पाय फिरतात. म्हणजे जाताना 1,750 आणि येताना तेवढेच. सुट्ट्या आणि रजा वगळून वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर आकडा होतो 8,75,000. पावणेनऊ लाख वेळा मांडी खोगिराला घासते! कापडगिरण्यांच्या प्रयोगशाळेत मार्टिंडेल नावाचं यंत्र असतं. ते कापडाचा तुकडा लोकरीच्या कापडावर घासतं आणि किती फेऱ्यांनी सूत तुटतं ते मोजतं. तेच यंत्र मी हप्त्याहप्त्यानं चालवतो, फक्त त्याचा भत्ता मिळत नाही.

या विषयातले माझे गुरू म्हणजे आमचे अण्णा. सातारा भागात त्यांनी तीस वर्षं सायकलीवरून टपाल वाटलं. खाकी कपड्यावर त्यांची श्रद्धा आहे. खाक म्हणजे धूळ. जो रंग मुळातच धुळीचा, त्याच्यावर धूळ काय दिसणार? पण अण्णांच्या लेखी रंगापेक्षा वीण मोठी. खाकी ड्रिलच्या अंगावर तिरक्या रेघा असतात. या तिरक्या विणीत धागे दाटीनं बसवता येतात, आणि दाटीवाटीत राहणारी मंडळी सहजासहजी हलत नाहीत, हे आम्हा दोन खोल्यांत वाढलेल्यांना कुणी सांगायला नको. जीनचं कापडही याच कुळातलं.

कापड घ्यायला अण्णा बरोबर आले की दुकानदार आतून चहा मागवतो, स्वतःसाठी. अण्णा कापड उजेडासमोर धरतात, मुठीत चुरगाळतात, तिरकं ताणतात. तयार विजार असली तर आधी उलटी करतात. शिवण दोन्ही बाजूंनी ओढली आणि टाक्यांमधून उजेड दिसला, की विजार परत. "अण्णा, विजार घ्यायचीय, सोयरीक जुळवायची नाहीये," असं एकदा एक दुकानदार म्हणाला. अण्णा म्हणाले, "सोयरिकीत निदान मधे पडायला चार माणसं असतात."

यात तथ्य आहे. विजार मधोमध क्वचित फाटते. ती फाटते कोपऱ्यात, जोडावर आणि आसनात. 1873 साली अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्यानं लेव्ही स्ट्रॉसच्या जोडीनं पेटंट घेतलं, ते कापडाचं नव्हतं. खिशांच्या कोपऱ्यांसारख्या ताण पडणाऱ्या जागी ठोकायच्या धातूच्या रिव्हेटचं होतं. कर्जाच्या कागदांचंही तसंच; मजकूर शाबूत असतो, घोळ सहीच्या कोपऱ्यात.

आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी आले आहेत. तेही सायकलवाले, पण त्यांची विजार अंगाबरोबर ताणते आणि त्यांच्या जॅकेटातून म्हणे घाम बाहेर जातो पण पाऊस आत येत नाही. त्यामागचं शास्त्र खरं आहे. पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल, तरच वाफ बाहेर पडते. जुलैत साताऱ्याची हवा घामापेक्षा कोरडी असण्याचं काहीच कारण नाही. त्यामुळे मी साध्या रेनकोटात भिजतो, ते भारी जॅकेटात भिजतात. रविवारी आम्ही दोघं अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या झाडीत शिरलो, तर करवंदीच्या जाळीनं त्यांच्या पातळ नायलॉनचा धागान् धागा मोजून घेतला. माझ्या ड्रिलला नुसतं ओरखडून सोडून दिलं. मात्र परतताना पाऊस आला तेव्हा त्यांची विजार तासाभरात वाळली आणि माझी दुसऱ्या दिवशी बँकेत जायच्या वेळेलाही दोरीवर ठिबकत होती. न्याय दोन्ही बाजूंना असतो. म्हणून पावसाळ्यात मीही टेरिकॉटला शरण जातो.

किमतीचा प्रश्न कॉमर्सवाल्याला विचारू नये. आठशेची विजार वर्षभर टिकली तर वर्षाला आठशे पडले. अठराशेची चार वर्षं टिकली तर साडेचारशे. एवढं गणित आमच्या कॅल्क्युलेटरलाही पाठ आहे. पण चार वर्षं टिकवायची तर बराचसा घसारा रस्त्यावर नव्हे, मोरीत होतो हे ध्यानात ठेवावं. विजार उलटी करून धुवावी, धोपटू नये, सावलीत वाळवावी. हे मी घरात एकदाच सांगितलं. तेव्हापासून माझ्या विजारी मीच धुतो.

राहता राहिली शेवटची गोष्ट. शिवणीच्या आत शिंपी जो जादा कापड सोडतो, त्याला शिंप्यांच्या भाषेत 'माया' म्हणतात. माणूस सुटला तर ती माया उसवून विजार सैल करता येते. कमी पडलं तर तिच्यातलाच एखादा तुकडा ठिगळाच्या कामी येतो. अण्णांची एक खाकी विजार याच मायेवर तीनदा सुटली, एकदा आवळली आणि आजही बागेत माती खणायला जाते. तयार विजारीत कापड मोजून-मापून असतं, माया नसते. ती आधी फाटते असं नाही. पण फाटली की तिला वाचवायला आत काही शिल्लक नसतं.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला मी दरवेळी बजावतो, माया दीड इंच सोडा. परवा तो म्हणाला, "साहेब, आता माया मागणारी गिऱ्हाइकं दोनच उरली. तुम्ही आणि अण्णा." दिवाळीनंतर तो दुकान बंद करून गावी जाणार आहे. मुलानं गाळा मोबाइलवाल्याला द्यायचं ठरवलंय.

त्याआधी दोन विजारींचं ड्रिल मी त्याच्याकडे टाकलं आहे. एक माझ्या मापाची. दुसरी मुलाची, तो यंदा अकरावीत आहे, सायकलीनं जातो, अंगानं भराभर वाढतोय. शिंप्यानं माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दोन इंच सोडतो."