वासापुरतं औषध

आमच्या घरात सर्दीला स्वतःचा वास होता. पावसाळ्याच्या तोंडाशी कुणाला पहिली शिंक आली की आजी निलगिरी तेलाची छोटी तपकिरी बाटली काढायची, रुमालाच्या कोपऱ्यावर एकच थेंब टाकायची आणि तो रुमाल सेफ्टी पिनने माझ्या फ्रॉकला अडकवायची. थंड, जरासा झोंबणारा तो वास दिवसभर शाळेत सोबत असे. बाटली मात्र फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आणि तिला हात लावायची आम्हा मुलांना सक्त मनाई. ‘हे वास घ्यायचं औषध, तोंडात घालायचं नाही,’ एवढंच आजी सांगायची. पुढे जे जे कळत गेलं, ते या एका वाक्याला बळकटी देणारंच होतं.

कॉलेजात असताना उटीला गेले, तेव्हा रस्त्याकडेच्या एका झोपडीत हे तेल निघताना पाहिलं. पाल्याचा ढीग पिंपात कोंबलेला, खाली जाळ, वाफ नळीतून गार पाण्यात जाऊन थंड होणारी, आणि शेवटी भांड्यात पाण्यावर तरंगणारा तेलाचा पातळसा थर. एवढ्या पाल्याचं एवढंसंच तेल! हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. १८४३च्या सुमारास इंग्रजांनी ते निलगिरीच्या डोंगरांत आणलं आणि पुढे सरपणासाठी त्याची मोठी लागवड झाली. तिकडे ऑस्ट्रेलियात जोसेफ बॉसिस्टो यांनी १८५२मध्ये या तेलाचा धंदा सुरू केला. कोआला हीच पानं खाऊन जगतो, कारण त्यातली विषारी द्रव्यं पचवण्याची ताकद त्याच्या यकृतात आहे. माणसाच्या यकृतात ती नाही. आणि आपल्या बाटलीत तर पानं नसतात, ढीगभर पानांचा अर्क असतो. औषधी दर्जाच्या तेलात निदान ७० टक्के सिनिओल असतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते त्याच्यामुळे, आणि पोटात गेल्यावर मेंदूला गुंगी आणतं तेही तेच.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते शेजारच्या घरी. आजोबांनी वाफारा घेतला होता. बाटली पलंगाजवळच्या स्टुलावर, झाकण उघडं. दीड वर्षाच्या नातीने ती तोंडाला लावली. आधी जोराचा ठसका, मग रडणं, मग उलटी. तोंडाला भपकन निलगिरीचा वास येत होता. थोड्याच वेळात पोर आईच्या खांद्यावर मान टाकू लागली, डोळे मिटू लागले. कुणीतरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला धावलं. फोनवरच्या डॉक्टरांनी ते ठामपणे थांबवलं आणि तडक दवाखान्यात आणायला सांगितलं. रात्रभर देखरेखीखाली राहून ती सुखरूप घरी आली.

ओकारी का काढायची नाही, हे मला तेव्हा कळलं. वर येताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसांना सूज येते, आणि गुंगीतल्या मुलाच्या बाबतीत तो धोका आणखी मोठा. या तेलावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि शुद्ध सांभाळतात, झटके आले तर ते आवरतात. लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासात दिसतात, पण कधी काही तासांनीही. म्हणून ‘आता तर बरी खेळतेय’ म्हणून थांबायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची.

किती तेल पुरतं? लहान मुलाला दोन-तीन मिलिलिटरनेही त्रास होतो आणि पाच मिलिलिटरने ते बेशुद्ध पडू शकतं. पाच मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आणि रात्री घाईत भलतीच उचलली, तर मापाने पाजलेलं औषधच विष होतं. अमृतधारा बत्ताशावर घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ‘मग निलगिरीचे थेंब साखरेवर का नकोत?’ असं मला पुष्कळांनी विचारलंय. नकोतच.

२०२०मध्ये करोनाच्या साथीत घरोघरी वाफारे सुरू झाले. कापूर, ओवा, लवंग यांच्या पुरचुंडीवर निलगिरी शिंपडून ती लेकरांच्या नाकाशी धरली जायची. त्याच्या तीन वर्षं आधीच बंगळुरूच्या डॉक्टरांनी निलगिरी तेल हुंगल्यावर फिट आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. कापरानेही फिट येऊ शकते. ज्याला फिटचा त्रास आहे, त्याने या दोन्हींपासून लांबच राहावं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाशी, छातीशी हे तेल नेऊच नये. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्याशेजारी मूल बसवणं हा तर वेगळाच धोका, भाजण्याचा.

आज आईच्या गुडघ्यांसाठी मी हे तेल वापरते. पोहे खायच्या मोठ्या चमचाभर खोबरेलात चार-पाच थेंब, तेही हातावर थोडंसं लावून पाहिल्यावर. निव्वळ तेल कातडीला जाळतं. चोळून झालं की झाकण घट्ट लावायचं, बाटली कुलपाच्या कपाटात ठेवायची, हात साबणाने धुवायचे, आणि मगच नातवाला उचलून घ्यायचं. आईला त्याने बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मला मोलाचं आहे. म्हणून तर ही बाटली घरातून काढून टाकावी असं मी कुणाला सांगत नाही.

मी विचारते ते एवढंच, की ती ठेवली कुठे आहे. लहान मूल असलेल्या ओळखीच्या घरी गेले की हा प्रश्न चहाच्या आधी येतो. उत्तर ‘खिडकीत’ किंवा ‘उशाशी’ असं आलं, तर मी उठते आणि माझ्यादेखत जागा बदलायला लावते. कुणाला तो आगाऊपणा वाटला तर वाटो.