मी घडवलेली चावी (अनुभवपर निबंध)

कुलूप आणि चावी आपण रोज वापरतो. पण तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या हाताने चावी घडवली आहे का? मी घडवली आहे. ती लोखंडाची नव्हती, आकड्यांची होती. बिटकॉइनच्या वॉलेटची चावी! ती घडवताना आणि सांभाळताना माझी जी फजिती झाली, तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. तो इंजिनिअरिंगला आहे. बोलता बोलता म्हणाला, "मामा, बिटकॉइनचा पत्ता काढायला बँकेत जावं लागत नाही. फॉर्म नाही, फोटो नाही. एक आकडा निवडायचा, की झालं!" मला काही पटेना. तेव्हा त्याने वहीवर समजावून सांगितलं.

हा आकडा म्हणजे 'प्रायव्हेट की', आपली गुप्त चावी. ती १ पासून साधारण २ च्या २५६ व्या घातापर्यंतची कोणतीही संख्या असू शकते. २ चा २५६ वा घात लिहून काढला तर ७८ अंकी संख्या होते! या आकड्यावर एका ठरावीक वक्ररेषेचं गणित केलं की 'पब्लिक की' मिळते. त्या वक्ररेषेचं नाव एसईसीपी२५६के१. पुढे पब्लिक कीवर एसएचए-२५६ आणि आरआयपीईएमडी-१६० अशा दोन क्रिया केल्या की पैसे घेण्याचा पत्ता तयार होतो. गंमत अशी की हा रस्ता एकेरी आहे. दुधाचं दही होतं, पण दह्याचं पुन्हा दूध होत नाही. तसंच चावीवरून पत्ता निघतो, पत्त्यावरून चावी निघत नाही. म्हणून पत्ता कुणालाही द्यावा, चावी मात्र कुणालाही दाखवू नये.

मी विज्ञान शिकवतो, थोडंफार पायथनही येतं. म्हटलं, आपणच स्क्रिप्ट लिहू. लिहिली. आकडा निवडताना मी सुरुवात म्हणून माझी जन्मतारीख दिली. पडद्यावर पत्ता उमटला. काय आनंद झाला म्हणून सांगू! खात्री करावी म्हणून पुन्हा चालवली, तर तोच पत्ता. तिसऱ्यांदा चालवली, पुन्हा तोच!

भाचा हसायला लागला. "मामा, साठ वर्षांतले सगळे दिवस मोजले तरी जेमतेम २२ हजार होतात. चोराने प्रत्येक तारीख घालून पाहिली तर तुमची चावी क्षणात सापडेल." म्हणजे कुलूप ७८ अंकी, पण चावी उंबरठ्यावरच ठेवलेली! ही चूक फक्त माझ्यासारख्या नवशिक्याचीच होते असं नाही. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाच्या साधनात अशीच उणीव असल्याचं २०२३ साली उघड झालं. त्यात चाव्यांच्या मुळाशी फक्त ३२ बिटांचा आकडा होता, म्हणजे साधारण ४२९ कोटी शक्यता. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, कॉम्प्युटरला नाही. लोकांचे पैसे त्यातून चोरीला गेले. पायथनमध्ये खेळासाठी 'रँडम' आहे आणि गुपितासाठी वेगळं 'सिक्रेट्स' आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सुट्टी संपल्यावर मी हा धडा वर्गात नेला. नववीच्या वर्गात त्या दिवशी ३२ मुलं हजर होती. प्रत्येकाने आठ वेळा नाणं उडवायचं. छापा म्हणजे एक, काटा म्हणजे शून्य. ३२ गुणिले ८ म्हणजे बरोबर २५६! फळा भरून गेला. एका मुलीने विचारलं, "सर, हाच आकडा दुसऱ्या कुणाला आला तर?" मी म्हणालो, "तू एकटीने सलग २५६ वेळा नाणं उडव आणि प्रत्येक वेळी छापाच पाड. तेवढीच शक्यता आहे." ती चावी आम्ही फळ्याबरोबरच पुसून टाकली. ३२ जणांनी पाहिलेली चावी गुप्त कसली?

आता खरी गोष्ट. स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर तीन सहकाऱ्यांनी गमतीने प्रत्येकी दोन हजार काढले. "सर, तुम्हीच सांभाळा," म्हणाले. माझे दोन धरून आठ हजार झाले. मी इंटरनेट बंद करून नवी चावी बनवली आणि वहीत लिहून घेतली. कॉम्प्युटरवरची प्रत पुसली. त्या पत्त्यावर भाच्याने बिटकॉइन पाठवले.

जूनमध्ये गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. माझे तेवढे परत द्याल का?" मी म्हणालो, "आजच देतो." घरी येऊन वही उघडली, ५२ अक्षरं टाइप केली. उत्तर आलं, चावी चुकीची. पुन्हा टाइप केली. पुन्हा चुकीची. माझे हातपाय गार पडले. दोन हजार मी खिशातून देऊ शकलो असतो, पण तिघांनी टाकलेल्या विश्वासाचं काय? बँकेत पासवर्ड विसरला तर साहेबांना भेटता येतं. इथे साहेबच नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सने २०१३ साली हजारो बिटकॉइनची चावी असलेली हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात टाकली, ती त्याला परत मिळाली नाही. रात्रभर तोच डोळ्यांसमोर होता.

सकाळी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नका मामा. चावीच्या शेवटी तपासणीचे चार बाइट असतात. एखादं अक्षर चुकलं तर त्यावरून कळतं." या लिपीत ५८ चिन्हं असतात. शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल मुद्दाम वगळलेले आहेत, कारण त्यांची गल्लत होते. एकच अक्षर चुकलं असेल, तर ५२ जागांवर प्रत्येकी ५७ पर्याय, म्हणजे २,९६४ चाव्या तपासायच्या. चार ओळींची स्क्रिप्ट लिहून चालवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत एक उत्तर आलं. एकतिसाव्या जागी मी इंग्रजी सहाचा आकडा लिहिला होता, तिथे लहान बी हवा होता. माझंच गिचमिड अक्षर!

दुपारी बाईंच्या हातात पैसे दिले आणि सगळं खरंखरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलांना सुवाच्य लिहा म्हणून रोज ओरडता ना सर?" यावर मी काय बोलणार!

आता मी चावी पुसण्याआधी वहीतून पुन्हा टाइप करून पाहतो आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवतो. शिवाय आता मी बारा शब्दांची पद्धत वापरतो. त्यात २,०४८ शब्दांची ठरलेली यादी असते आणि पहिली चार अक्षरं कळली तरी शब्द ओळखता येतो. दुसऱ्याचे पैसे मात्र पुन्हा सांभाळायला घेतले नाहीत.

मुलांनो, तुम्ही यात पैसे घालू नका. पण नाणं उडवून चावी जरूर बनवून बघा, त्यातलं गणित फार सुंदर आहे. ते गणित कुठेच चुकलं नव्हतं. आधी चुकली ती माझी जन्मतारीख, मग माझं अक्षर. चावी घडवायला एक क्षण पुरतो, सांभाळायला मात्र शिस्त लागते.