बाबांचा काळोख

दिवाळी ऐन अमावस्येला येते, ही गोष्ट लहानपणी कधी माझ्या ध्यानात आली नाही. आमची वाडी वसईत. आम्ही ख्रिस्ती, परंतु शेजारी पणत्या लागल्या, की आम्हां मुलांचा मुक्काम त्यांच्याच ओट्यावर असे, आणि फराळाचे ताट कुंपणावरून आमच्याकडे येई. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाबा अंगणात उभे राहून त्या पणत्या पाहत. एकदा ते म्हणाले, "यांना काळोख आयता मिळतो. आपल्याला तो करावा लागतो."

हे ते ईस्टरच्या आदल्या रात्रीविषयी बोलत होते. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेपाठोपाठ येतो. त्या सुमारास अमावस्या कधीच नसते. म्हणून चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवून फादर त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस आणि त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. ती एकटी ज्योत घेऊन ते काळोख्या चर्चमध्ये शिरतात, वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष करतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. बाबांच्या लहानपणी हा विधी शनिवारी सकाळीच उरकत असत. "उन्हात ज्योत दिसायचीसुद्धा नाही," असे ते सांगत. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी तो रात्री करण्यास मोकळीक दिली, आणि १९५६ पासून रोमन कॅथलिक चर्चमध्ये तो सर्वत्र रात्री होऊ लागला.

बाबा पहाटेच्या गाडीने केळी घेऊन मुंबईला जात. गाडीतही त्यांची जपमाळ चाले. आम्हां भावंडांना प्रार्थना शिकवल्या त्या त्यांनीच.

२००३ साली आई गेली. त्यानंतर वर्षभराने, एका संध्याकाळी प्रार्थना आटोपल्यावर ते मला म्हणाले, "अरे, मी रोज प्रार्थना करतो; पण पलीकडे कोणी आहे असं आता वाटत नाही. सगळा काळोख आहे."

मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. कादंबरी लिहायलाही घेतली होती. शब्दांची मोठी घमेंड. पण त्या क्षणी मला सुचले ते एवढेच: "बाबा, असं बोलू नका. लोक ऐकतील!"

त्यांनी मान हलवली, माळ खिशात ठेवली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माळ मात्र एक दिवस चुकवली नाही. पुढल्याच पावसाळ्यात ते गेले.

२००७ साली मदर तेरेसांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या बाईंच्या मुद्रेवर जगाने प्रकाश पाहिला, त्यांनीच आपल्या धर्मगुरूंना कळवले होते, की आत काळोख आहे, देव जाणवत नाही. आणि हे थोडेथोडके दिवस नव्हे, जवळजवळ ५० वर्षे! २०१६ साली त्यांना संतपद मिळाले. ती पत्रे त्याच्या आड आली नाहीत.

मग मी शोधू लागलो. स्पेनमधल्या क्रूसाच्या संत योहानाला १५७७ साली त्याच्याच पंथातल्या बंधूंनी तोलेदोच्या एका अरुंद कोठडीत सुमारे नऊ महिने कोंडले होते. आत्म्याच्या काळ्या रात्रीविषयी तो पुढे लिहून गेला. ती रात्र त्याला देवाकडे जाणारी वाटच वाटली. बायबल तर माझ्या उशाशीच होते. सीनाय पर्वतावर मोशे देवाजवळ गेला तो दाट काळोखात. क्रूसाच्या दिवशी भरदुपारी तीन तास अंधार पडला, आणि देवाने आपल्याला का टाकले, असे खुद्द ख्रिस्तानेच विचारले. हे सारे मी दर वर्षी ऐकत आलो होतो. तरी तेच बाबांच्या तोंडून आले, तेव्हा मला आठवले ते शेजाऱ्यांचे कान!

बाबांना माझ्याकडून काय हवे होते? बहुधा एवढेच, की मी घटकाभर त्यांच्याजवळ बसावे. कोणाला न दिसणाऱ्या काळोखातही त्यांनी माळ सोडली नव्हती. श्रद्धा म्हणतात ती हीच असली पाहिजे. मी तिलाच गप्प केले.

गेल्या ईस्टरच्या रात्री चर्चमधून परतताना माझी मुलगी अडखळत म्हणाली, "पप्पा, मला प्रार्थनेत काही जाणवतच नाही. हे पाप आहे का?"

जुनेच वाक्य ओठांवर आले होते. ते गिळले आणि म्हणालो, "नाही गं. तुझ्या आजोबांनाही जाणवत नव्हतं."

ती थांबली. मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि त्या संध्याकाळची हकीकत मी तिला सांगितली; माझे वाक्यही लपवले नाही. तिच्या हातातली मेणबत्ती वाऱ्याने केव्हाच विझली होती. आत जाऊन दिवा लावावा, असे दोघांनाही वाटले नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मग आजोबा माळ का ओढायचे?"

"ते मी विचारलं नाही," मी म्हणालो.